उषा, ध्रुवीय प्रकाश आणि ‘आर्क्टिक होम’ : निसर्गप्रमाणांची एक परीक्षा

लोकमान्य टिळकांचा ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ साली पुण्याहून प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्याची जी चर्चा झाली, ती बहुतांशी दोन अंगांनी झाली. एका पक्षाने आर्यांचे मूलस्थान हा प्रश्न धरून टिळकांच्या निष्कर्षाचा स्वीकार किंवा धिक्कार केला. दुसऱ्याने ऋचांच्या अर्थाचा वाद घातला. ना. भा. पावगी यांनी १९१५ साली मूलस्थान सप्तसिंधूतच होते व उत्तरेकडील वस्ती ही तेथून गेलेल्यांची वसाहत होती असा उलटा सिद्धान्त मांडला. अविनाशचंद्र दासांनी १९२१ साली ‘ऋग्वेदिक इंडिया’मध्ये सप्तसिंधूचाच पक्ष घेतला. या धुमश्चक्रीत एक साधा प्रश्न मागे पडला. टिळकांनी ध्रुवप्रदेशाच्या निसर्गातून नेमकी कोणती लक्षणे प्रमाण म्हणून निवडली, कोणती सोडली, आणि ती निवड त्यांच्याच कसोटीला कितपत उतरते, हा तो प्रश्न होय. मूलस्थानाचा निकाल कोणताही लागो, या प्रश्नाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही; कारण प्राचीन काव्यातील निसर्गवर्णनावरून स्थळकाळ ठरविण्याची जी पद्धती मराठी संशोधनात पुढे रूढ झाली, तिचा हा आद्य आणि सर्वांत धाडसी नमुना आहे.

पद्धतीचे सूत्र टिळकांनी स्वच्छ मांडले आहे. ‘ओरायन’ (१८९३) मध्ये त्यांनी वसंतसंपात कोणत्या नक्षत्रात होता यावरून वेदकाल ठरविला होता. तेथे आकाश हे घड्याळ होते. ‘आर्क्टिक होम’मध्ये तेच आकाश नकाशा झाले. पृथ्वीवर अशी काही दृश्ये आहेत की जी विशिष्ट अक्षांशाखेरीज अन्यत्र दिसूच शकत नाहीत. ती दृश्ये जर एखाद्या वाङ्मयात पाहिल्यासारखी वर्णिलेली असतील, तर त्या वाङ्मयाची स्मृती त्या अक्षांशापर्यंत जाते. हे सूत्र निर्दोष आहे. दोष शोधावयाचा तो त्याच्या विनियोगात.

तिसऱ्या प्रकरणात टिळकांनी ही लक्षणे दोन वर्गांत मांडली आहेत. ठीक ध्रुवावरची लक्षणे अशी : सूर्य दक्षिणेस उगवतो, तारे उगवत-मावळत नाहीत, ते क्षितिजाला समांतर फिरतात, वर्ष म्हणजे सहा महिन्यांचा एक दिवस व सहा महिन्यांची एक रात्र, वर्षात पहाट एकच, पण ती दीर्घकाल टिकणारी आणि क्षितिजावर चक्राकार फिरणारी. परिध्रुवीय प्रदेशाची लक्षणे त्याहून सौम्य : वर्षाचे तीन भाग, एक दीर्घ रात्र, एक दीर्घ दिवस व उरलेल्या काळात नित्याचे अहोरात्र; आणि दीर्घ रात्रीच्या अखेरीस काही दिवस टिकणारी पहाट. या याद्या वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ज्या दृश्यासाठी ध्रुवप्रदेश जगभर प्रसिद्ध आहे, ज्याचे चित्र शाळकरी मुलाच्या भूगोलातही असते, तो ध्रुवीय प्रकाश त्यांत नाही. रात्रीच्या आकाशात हिरव्या-तांबड्या पडद्यांप्रमाणे हलणारे ते तेज टिळकांच्या विवेचनात प्रमाणपदास पोचलेच नाही.

हे वगळणे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते. त्यात मोह पडण्याजोगे पुष्कळ होते. युरोपीय भाषांत या प्रकाशाला ‘अरोरा’ हे नाव सतराव्या शतकाच्या प्रारंभी मिळाले. त्याचा अर्थच मुळी ‘पहाट’. रोमनांची अरोरा ही पहाटेची देवता, आणि हा शब्द व वैदिक ‘उषस्’ हे एकाच धातूचे वंशज आहेत, ही गोष्ट तौलनिक भाषाशास्त्राने टिळकांच्या पूर्वीच सिद्ध केली होती. पहिल्या मंडलातील ९२ व्या सूक्तात उषेला नर्तकीची उपमा आहे. नाव तेच, नृत्य तेच, रात्रीच्या अंधारात उमटणारे तेज तेच : एखाद्या उतावळ्या लेखकाने एवढ्या सामग्रीवर एक संपूर्ण प्रकरण उभे केले असते. टिळकांनी तसे केले नाही. त्यांची उषा ही शेवटपर्यंत सूर्याची अग्रदूतीच राहिली. हा संयम त्यांच्या टीकाकारांनी फारसा नोंदविलेला नाही. तो मात्र नोंदविण्याजोगा आहे, कारण येथे टिळकांचे शास्त्रीय अंतःकरण त्यांच्या कल्पकतेवर मात करताना दिसते.

ध्रुवीय प्रकाशाची कारणे पाहिली म्हणजे या वगळण्याची योग्यता पटते. सूर्यापासून निघालेले विद्युत्भारित कणांचे झोत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर येऊन आदळतात. त्या क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेमुळे इलेक्ट्रॉन वेगाने वातावरणाच्या वरच्या थरांत उतरतात आणि तेथील अणुरेणूंना उद्दीपित करतात. सुमारे शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो. दोनशे किलोमीटरच्या वरचा तांबडा. हा सारा व्यापार पृथ्वीच्या अक्षाशी बांधलेला नसून तिच्या चुंबकीय ध्रुवाशी बांधलेला आहे. म्हणून तो प्रकाश ठीक भौगोलिक ध्रुवावर सर्वाधिक दिसत नाही. चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका वलयात, साधारणतः ६५ ते ७० चुंबकीय अक्षांशांच्या पट्ट्यात, तो नित्य दिसतो. नॉर्वेचा उत्तर किनारा या वलयाच्या खाली येतो. प्रत्यक्ष ध्रुव त्याच्या आत पडतो. शिवाय चुंबकीय ध्रुव स्थिर नाही. दहा हजार वर्षांपूर्वीचे वलय आजच्या नकाशावरून ठरविता येणार नाही. वसंतसंपाताचे मागे जाणारे गणित करता येते, पहाटेच्या लांबीचे करता येते. ध्रुवीय प्रकाशाचे तसे करता येत नाही. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरील डाग जवळजवळ नाहीसे झाले होते, तेव्हा युरोपात हा प्रकाशही दुर्मिळ झाला होता. ज्याच्या येण्याजाण्याला नियम नाही, त्यावर स्थलनिर्णयाची इमारत उभारता येत नाही.

आणखी एक कारण आहे, व ते महाराष्ट्राच्या अधिक जवळचे आहे. ध्रुवीय प्रकाश दिसण्यास ध्रुवप्रदेशात असावेच लागते असे नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्यात मुंबईहूनही हा प्रकाश दिसल्याची नोंद आहे. मुंबईचा अक्षांश अवघा १९ आहे. (टिळक त्या वर्षी पंधरा वर्षांचे होते व पुण्यास शिकत होते.) त्यापूर्वी सप्टेंबर १८५९ मधील वादळात कुलाबा वेधशाळेच्या उपकरणांनी क्षितिजसमांतर चुंबकबलाची जी घसरण टिपली, ती आजही त्या घटनेच्या अभ्यासातील एक मूलभूत नोंद मानली जाते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून ही चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस हलवावी लागली. अलीकडची गोष्ट घ्यावयाची तर १०-११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हान्ले येथील खगोलवेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावरचा तांबडा प्रकाश टिपला. तात्पर्य, कमी अक्षांशावर हा प्रकाश विरळा असला तरी अशक्य नाही, आणि तेथे तो पडद्यांच्या रूपाने न दिसता उत्तरेकडील तांबूस आभेच्या रूपाने दिसतो. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘दिग्दाह’ नावाच्या उत्पाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. दिशा जळत असल्याप्रमाणे दिसणे हे त्याचे लक्षण. त्यात धूळ, वणवे, संध्येचे रंग अशा अनेक गोष्टी एकत्र झाल्या असाव्यात. क्वचित एखादा ध्रुवीय प्रकाशही असेल. पण त्यावरून वराहमिहिराचे पूर्वज ध्रुवावर राहत होते असे कोणी म्हणणार नाही. प्रमाण म्हणून ज्याचा उपयोग व्हावयाचा ते लक्षण एकाच प्रदेशाचे असावयास हवे. ध्रुवीय प्रकाश या कसोटीला उतरत नाही. दीर्घ पहाट उतरते.

टिळकांनी आपला सारा भार पहाटेवर टाकला, आणि म्हणून परीक्षाही पहाटेचीच व्हावयास हवी.

त्यांच्या युक्तिवादाचा आरंभ एका अनुभवसिद्ध विसंगतीतून होतो. उष्ण कटिबंधातील पहाट ही अल्पजीवी असते. टिळकांचे जन्मगाव रत्नागिरी हे १७ अक्षांशावर आहे. तेथे संपातदिनाच्या सुमारास क्षितिजावर पहिले अस्फुट तेज दिसल्यापासून सूर्योदयापर्यंत सुमारे सव्वा तास जातो. त्यातला ज्याला सामान्य मनुष्य पहाटेचा उजेड म्हणेल तो भाग वीस-बावीस मिनिटांचा. सह्याद्रीच्या आडून येणारे ते तेज पाहता पाहता उन्हात मिसळून जाते. अशा पहाटेला उद्देशून ऋषींनी वीसएक सूक्ते रचावी, ती उजाडण्यास उशीर लावते म्हणून तक्रार करावी, तिचे अनेकवचनी आवाहन करावे, तिच्या उदयापूर्वी सहस्र ऋचांचे आश्विनशस्त्र म्हणून संपवावे, हे कसे? सातव्या मंडलाच्या ७६ व्या सूक्तातील तिसऱ्या ऋचेत सूर्योदयापूर्वी पुष्कळ ‘अहानि’ होऊन गेली असे म्हटले आहे. पूर्वीच्या भाष्यकारांनी व अनुवादकांनी तेथे ‘अहन्’ शब्दाचा ‘तेज’ असा अर्थ घेतला. टिळकांनी तो नाकारून ‘दिवस’ हा रूढ अर्थच कायम धरला, आणि पहाटेचा पहिला किरण व सूर्योदय यांच्या दरम्यान अनेक दिवस जात असत असा निष्कर्ष काढला. याच्या जोडीला त्यांनी तैत्तिरीय संहितेच्या चौथ्या कांडातील तीस उषा आणल्या, ज्या तेथे परस्परांच्या भगिनी म्हणून येतात. तीस दिवसांची एक अखंड पहाट : पाचव्या प्रकरणाचा हा कळस आहे.

ध्रुवावरील पहाटेचे जे चित्र टिळकांच्या समोर होते ते विल्यम वॉरन या अमेरिकन विद्वानाच्या ‘पॅरडाइज फाउंड’ (१८८५) या ग्रंथातले. वॉरन हे बॉस्टन विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. मानवजातीचा आदिनिवास ध्रुवावर होता हा त्यांचा सिद्धान्त. त्यांनी दिलेली वाटणी टिळकांनी उद्धृत केली आहे : १९४ दिवस सूर्य, ४८ दिवस मावळतीचा संधिप्रकाश, ७६ दिवस अंधार, ४७ दिवस पहाट. वॉरन यांनी हे लिहिले तेव्हा ध्रुवावर कोणीही पोचलेले नव्हते, मग हिवाळा काढण्याची गोष्ट दूरच. ते चित्र खगोलगणित व कल्पना यांच्या मिश्रणाने तयार झालेले होते. तरीही ते मूलतः बरोबर होते हे मान्य केले पाहिजे. १९५७ पासून दक्षिण ध्रुवावरील अमुंडसेन-स्कॉट केंद्रावर दरवर्षी काही माणसे हिवाळा काढतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात क्षितिजाभोवती रोज एक फेरा घालीत हळूहळू उजळत जाणारे तेज त्यांना दिसते. मात्र आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ४७ दिवस हा काळ सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आल्यापासून मोजलेला आहे. आरंभीचे तेज इतके क्षीण असते की ते पाहण्यास सरावलेला डोळा लागतो. सूर्य १२ अंशांवर येतो तो १७ फेब्रुवारीच्या सुमारास. तेथून सूर्यबिंब दिसेपर्यंत महिना लागतो. सहा अंशांवर येतो तो मार्चच्या पाच तारखेस. तेथून जेमतेम दोन आठवडे. म्हणजे ज्या तेजाला पाहून मनुष्य सूक्त रचील त्या पहाटेची ध्रुवावरील मर्यादा पंधरवड्यापासून महिन्यापर्यंत येते. तीस उषांचा मेळ येथे बसतो. तो बसतो ठीक ध्रुवावर, आणि अडचण येथूनच सुरू होते.

ध्रुवापासून एखादे स्थळ जितके अंश दूर असेल तितके अंश तेथला सूर्य मध्यान्ही ध्रुवावरच्या पातळीहून वर चढतो व मध्यरात्री तितकेच अंश खाली जातो. म्हणजे मध्यान्ह आणि मध्यरात्र यांतील सूर्याच्या खोलीचा फरक हा ध्रुवांतराच्या दुप्पट असतो. अखंड पहाट याचा अर्थ असा की मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजावर येऊ नये, आणि मध्यरात्रीसुद्धा तो १८ अंशांखाली जाऊ नये. नाहीतर पहाट रोज तुटेल. ही दोन्ही बंधने एकाच वेळी पाळली जावयाची तर ध्रुवांतराची दुप्पट १८ हून कमी असली पाहिजे. अर्थात अखंड पहाट ८१ अक्षांशाच्या उत्तरेसच संभवते. त्याच्या दक्षिणेस, ध्रुववृत्तापर्यंतच्या साऱ्या पट्ट्यात, दीर्घ रात्रीच्या अखेरीस दिसते ते निराळे दृश्य : रोज दुपारच्या सुमारास दक्षिणेकडे थोडे उजाडते, ते मावळते, पुन्हा अंधार होतो, दुसऱ्या दिवशी ते तेज किंचित अधिक काळ टिकते. हे अनेक दिवस चालते खरे, परंतु ती एक पहाट नव्हे आणि ती क्षितिजाभोवती फिरतही नाही. तीस दिवस अखंड राहणारी पहाट हवी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्याची क्रांती तीस दिवसांत साडेअकरा अंशांच्या आसपास बदलते हे ध्यानात घेऊन ध्रुवांतर सुमारे सव्वातीन अंशच ठेवावे लागते. म्हणजे स्थळ जवळजवळ ८७ अक्षांशावर जाते.

आता टिळकांचे दुसरे महत्त्वाचे प्रमाण पाहावे. गवामयन सत्र दहा महिन्यांत संपत असे, दशग्वांनी दहा महिने यज्ञ केला, रोमनांचे जुने वर्ष दहा महिन्यांचे होते. यावरून सूर्य वर्षातून दोन महिने दिसत नसे असे अनुमान सातव्या-आठव्या प्रकरणांत आहे. सूर्य दोन महिने न दिसणारे स्थळ कोणते? नॉर्वेतील हॅमरफेस्ट, अक्षांश ७० अंश ४० कला. तेथे ऐन मकरसंक्रमणाच्या दिवशीदेखील दुपारचा सूर्य क्षितिजाखाली चारच अंश असतो. म्हणजे वर्षातील सर्वांत काळ्या दिवशीही दुपारी काही काळ घराबाहेर कामे करण्याइतका उजेड पडतो. जिचा दुसरा काठ दिसत नाही अशा अथर्ववेदातील रात्रीशी या रात्रीचे नाते जोडणे कठीण आहे. तीस उषांचे स्थळ ८७ वर आणि दहा महिन्यांच्या सत्राचे स्थळ ७१ वर; दोहोंत सोळा अंशांचे, म्हणजे सतराशे-अठराशे किलोमीटरांचे अंतर.

ही अडचण टिळकांच्या वर्गीकरणात अस्पष्टपणे का होईना, दिसते. ध्रुवीय व परिध्रुवीय अशा दोन याद्या त्यांनी केल्या त्या याचसाठी; नवग्वांचे नऊ महिने व दशग्वांचे दहा महिने हे निरनिराळ्या ठिकाणच्या लोकांचे अनुभव असावेत असेही ते म्हणतात. पण या तोडग्याची किंमत मोठी आहे. ध्रुववृत्तापासून ध्रुवापर्यंत एका दिवसापासून सहा महिन्यांपर्यंत कोणत्याही लांबीची रात्र कोठे ना कोठे सापडतेच. मग ग्रंथात नऊ, दहा, सात, कोणतीही संख्या आली तरी तिला एक अक्षांश नेमून देता येतो. ज्या मापाने काहीही मोजले असता उत्तर ‘आर्क्टिक’ असेच येते, ते माप राहत नाही. ‘ओरायन’मधील संपाताची युक्ती इतकी सैल नव्हती; तेथे मृग आणि कृत्तिका यांपैकी एक निवडावे लागत होते.

शिवाय ८७ अक्षांशावर भूमी नाही. ८१ च्या उत्तरेस जमीन म्हणजे मुख्यतः ग्रीनलंड, एल्समीर व फ्रान्झ जोझेफ द्वीपसमूह यांची टोके. पुढे सारा समुद्र. नान्सेन एप्रिल १८९५ मध्ये ८६ अंश १४ कलांपर्यंत पोचला तो तरंगत्या बर्फावरून चालत. आणि १८९३ ते १८९६ या प्रवासात त्याच्या ‘फ्राम’ जहाजाने केलेल्या मापनांत ध्रुवसमुद्राची खोली तीन हजार मीटरांहून अधिक भरली. म्हणजे तीस दिवसांच्या पहाटेचे अक्षांश मनुष्याच्या दृष्टीस पडले ते ‘आर्क्टिक होम’च्या सिद्धतेच्या आगेमागेच, आणि तेथे घर बांधण्याजोगी जागा नव्हती.

भूशास्त्राच्या बाजूने टिळकांचे दुर्दैव थोडे वेगळे आहे. हिमयुग संपून ऐंशी हजार वर्षे झाली हे क्रोलचे मत बाजूस सारून, नायगाराच्या धबधब्याच्या झिजेवरून अमेरिकन शास्त्रज्ञांनी काढलेली आठ-दहा हजार वर्षांची मर्यादा त्यांनी स्वीकारली. ही निवड पुढील संशोधनाने बव्हंशी योग्य ठरविली. सध्याच्या उष्ण कालखंडाचा आरंभ सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी झाला असे आज मानतात. पण त्यांच्या सिद्धान्ताला हिमयुगाचा शेवट पुरत नव्हता. त्याच्या आधी ध्रुवप्रदेशात समशीतोष्ण, वसंतासारखे हवामान हवे होते. ते तसे नव्हते. त्या शेवटापूर्वीची लाखभर वर्षे थंडीचीच होती, आणि ध्रुवप्रदेश खरोखर आजच्याहून उबदार होता तो काळ सव्वा लाख वर्षांमागचा. गंमत अशी की त्या थंडीतही माणसे उत्तरेस राहत होती. सायबेरियात याना नदीकाठी, ७१ अक्षांशाजवळ, तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची मानवी वस्ती सापडली आहे. तेथली माणसे मॅमथ व रानगवे मारून राहत. त्यांना स्वर्गतुल्य हवामान लागले नाही. टिळकांना हे ज्ञात असते तर त्यांनी त्याचा उपयोग केलाच असता. परंतु त्या वस्तीची भाषा कोणती हे हाडे व दगडी हत्यारे सांगू शकत नाहीत, आणि त्यांच्यापासून वैदिक सूक्तापर्यंत तीस हजार वर्षांची दोरी वळावयाची ती कशाची?

ऋचांच्या अर्थाबाबत येथे एकच मुद्दा पुरे. उषांचे अनेकवचन हे टिळकांचे मुख्य शस्त्र. पण पहिल्या मंडलातील ११३ व्या सूक्तात, पूर्वीच्या उषा ज्यांनी पाहिल्या ते मर्त्य निघून गेले, आज आपण पाहत आहोत, पुढे पाहणारे येतील, असा भाव आलेला आहे. येथे अनेक उषा म्हणजे पिढ्यानुपिढ्यांच्या रोजच्या पहाटा. त्या मोजणाऱ्या कवीला काळाचे भय आहे, अंधाराचे नव्हे. हा अर्थ इतर सूक्तांतही चालतो, आणि तो घेतला म्हणजे चक्राची उपमासुद्धा (३.६१.३) क्षितिजाभोवतीच्या फेऱ्याची न राहता रोजच्या पुनरागमनाची होते. टिळकांचा अर्थ व्याकरणदृष्ट्या अशक्य नाही. तो अपरिहार्य नाही एवढेच. याउलट अवेस्तातील वेंदिदादच्या दुसऱ्या फर्गर्दाबाबत त्यांची पकड अधिक भक्कम आहे. यिमाच्या ‘वर’मध्ये तारे, चंद्र, सूर्य वर्षातून एकदाच उगवताना दिसतात व वर्ष हे एका दिवसासारखे वाटते, असे तेथे उघड शब्दांत आहे. तैत्तिरीय ब्राह्मणातही वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस असे वचन आहे. ध्रुवावरील आकाशाचे ज्ञान, प्रत्यक्ष असो, ऐकीव असो वा गणिताने काढलेले असो, या वाङ्मयांना होते हे नाकारणे हटवादाचे ठरेल. टिळकांचे खरे यश येथे आहे, आणि ते त्यांनी जितके ताणले तितके ताणले जाणारे नाही.

ध्रुवीय प्रकाशाकडे पुन्हा येताना एक शंका घेता येते. प्रमाण म्हणून तो निरुपयोगी असेल, पण त्याचा अभाव? ७१ अक्षांशावर पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या लोकांच्या काव्यात त्याचा मागमूस नसावा काय? फिनिश भाषेत त्याला ‘कोल्ह्यांचे अग्नी’ म्हणतात. इन्युइट लोक त्यात वॉलरसच्या कवटीने चेंडू खेळणारे मृतात्मे पाहतात. तेराव्या शतकातील ‘राजाचा आरसा’ या नॉर्वेजियन ग्रंथात त्याच्या कारणांची चर्चा आहे. ऋग्वेदातील उषा मात्र अरुण आहे, शुभ्र आहे, हिरवी कोठेच नाही. आणि तिची जी थोरवी ऋषी पुनःपुन्हा गातात ती अशी की ती ऋताचा मार्ग सोडीत नाही, दिशा चुकत नाही. ध्रुवीय प्रकाशाचे लक्षण नेमके याच्या उलट आहे. तरीही या मौनावर फार भार टाकू नये. जुन्या नॉर्स काव्यांतही त्याचा निःसंदिग्ध उल्लेख सापडणे कठीण आहे, आणि त्या कवींच्या उत्तरीयत्वाबद्दल कोणास शंका नाही. मौन हे संशय उत्पन्न करते. निकाल देत नाही. हेच समुद्री बर्फ, श्वेत अस्वल यांच्या अनुल्लेखासही लागू आहे, जरी तेथे संशय अधिक दाट होतो.

भारताचे ‘हिमाद्री’ हे आर्क्टिक संशोधनकेंद्र २००८ साली स्वालबार्डमधील न्यू-अलेसुंड येथे सुरू झाले. त्याची व्यवस्था गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. त्याचा अक्षांश ७८ अंश ५५ कला. डिसेंबर २०२३ पासून तेथे भारतीय शास्त्रज्ञ हिवाळ्यातही राहू लागले. तेथे ऑक्टोबरच्या अखेरीस गेलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यानंतर परत येतो, आणि मधल्या काळात भर दुपारी इतका अंधार असतो की ध्रुवीय प्रकाश मध्यान्हीसुद्धा पाहता येतो. परंतु वरील गणित तेथेही तंतोतंत लागू पडते : सूर्य परत येण्याच्या दिवशी मध्यरात्री तो क्षितिजाखाली २३ अंश असतो. हिमाद्रीवरसुद्धा पहाट रोज येते आणि रोज विझते. टिळकांना हवी होती ती अखंड उषा तेथून आणखी दोन अंश उत्तरेस गेल्यावाचून सुरूही होत नाही.